पेजेचं कापड

पडदा म्हणून टांगलेल्या धोतरावर माणूस आला, पण त्याचं तोंड आलं नाही. अर्धा उजेड कापडातून पार निघून मागं सांडला. चहाच्या टपरीपुढं एक उंच आकार, खांद्यावर गठुळं, हातात बशी. दहा सेकंद. मग लगेच जत्रेतला पाळणा फिरायला लागला.

"गेला," यादोराव म्हणाला. "धोतर पातळ आहे. फेका ते."

भर दुपारी खोलीचं दार लावलेलं, खिडकीवर पोतं. यादोराव गावचाच, पण भिलाईला नोकरीला होता. तिथल्या जत्रेचं रीळ त्याच्या साहेबानं काढलं होतं, आणि साहेबाच्या घरी ते पाहताना यादोराव उठून उभा राहिला होता. टपरीपुढचा तो माणूस त्याला घनश्याम वाटला. त्र्याहत्तर साली बैलजोडी विकायला बाजारात गेला, तो सहा वर्षं घरी न आलेला घनश्याम. यादोरावनं सिनेमाची मशीन आणि रीळ दोन दिवसांसाठी मागून आणलं. उद्या सकाळच्या गाडीनं परत न्यायचं होतं.

मशीन इश्वरच्या हातात होती. गावातले रेडिओ तोच दुरुस्त करायचा, आणि घनश्याम त्याचा सख्खा मोठा भाऊ.

"तोंड दिसलं पाह्यजे," दोघांचे वडील, म्हातारे लक्ष्मणराव चटईवरून म्हणाले. "तो असन तर आणू. नसन तर बैसाखात पाट. चार मानसांत बोलनं झालं आहे."

पाट म्हणजे दुसरं लग्न, घनश्यामच्या बायकोचं, सुशीलेचं. इश्वरशी. इश्वरनं हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. पण वैशाखाला किती दिवस उरले हे त्याला न मोजता माहीत होतं.

युरियाची पांढरी थैली उसवून टांगली. माणसाच्या अंगावर विणीचे पट्टे आले. चुन्याच्या भिंतीवर त्याला देवीचे वण आले.

"थांबवून ठेवता नाही येत का रे हे?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"बल्बाच्या आचेनं रीळ जळते, काका," यादोराव म्हणाला. "मंग साहेब मले जाळते."

दाराच्या चौकटीला टेकून बसलेली सुशीला उठली.

"दाट पाह्यजे नं कापड? थांबा."

तिनं पेटीतून कोरं मांजरपाट काढलं, भाताच्या घट्ट पेजेत बुचकळलं आणि अंगणात उन्हात पसरलं. अर्ध्या तासात त्याचा पापड झाला. ते तिनं स्वतः भिंतीवर बांधलं, खालच्या काठाला दगड लावले, हातानं एकेक सुरकुती दाबली.

मशीन घरघरली. कापड असं उजळलं की यादोरावच्या तोंडून "आयला!" निघून गेलं. टपरी आली. टपरीवरची किटली आली. माणूस आला, वळायला लागला. इश्वरचं बोट भिंगाच्या कड्यावर होतं. ते जरासं फिरलं. तोंड विरघळलं.

"मशीन जुनी आहे," इश्वर म्हणाला.

"भाऊजी," सुशीला मागं न पाहता म्हणाली, "मंघानी बरं होतं. वापस फिरवा."

त्यानं रीळ हातानं मागं घेतलं. कडं जिथं होतं तिथं आणलं, आणि या खेपेला बोट काढून घेतलं.

माणूस वळला. बशीतला पहिला घोट त्यानं भुईवर सोडला, मग फुंकर मारली. पहिला घोट भुईला द्यायची सवय या घरात एकालाच होती. आणि खांद्यावर गठुळं नव्हतं. दीड-दोन वर्षांची पोरगी होती. ती त्याचा कान धरून हसत होती.

पाळणा फिरायला लागला. यादोराव आपल्या पायाच्या अंगठ्याकडं पाहत राहिला.

"कायले कोनी बोलून नाही राहिलं?" मोतीबिंदू झालेले डोळे लक्ष्मणरावांनी चोळले. "सूनबाई, तोच आहे का?"

"हे ते नोहेत, मामाजी."

"नीट पायलं?"

"पायलं."

"इश्वर, तू सांग."

इश्वरनं बटन बंद केलं. "वयनीनं पायलं नं, बा."

म्हातारा काठी टेकत उठला. "लाव आनखी एक डाव. मी कापडाजवळ जाऊन पायतो. बापाले समजत नाही का?"

इश्वरनं रीळ मागं घेतलं. बटन दाबलं. टपरी आली, किटली आली. लक्ष्मणराव एकेक पाऊल टाकत निघाले. त्यांच्या आधी सुशीला उठली, कापडापुढं जाऊन उभी राहिली आणि वरची गाठ सोडायला लागली.

"उजेडातून हटा, वयनी," यादोराव हळूच म्हणाला.

ती हटली नाही. गाठ पेजेनं आवळली होती, सुटत नव्हती. माणूस तिच्या पाठीवर वळला, आणि ती पोरगी नेमकी तिच्या खांद्यावर येऊन बसली.