टाकीमागची जागा

बायको गेल्याला वर्ष व्हायच्या आत माझी जागाही गेल्याचं मला नगरपालिकेत गिलाव्याचं काम करताना कळलं. शहर कसं वाढलं ते दाखवायला समोरच्या भिंतीवर उपग्रहातून काढलेले दरवर्षीचे फोटो लावले होते.

"मिस्त्री, तुमचं घर शोधा की," इंजिनिअर साहेब म्हणाले.

"आख्ख्या गावाची घरं बांधली साहेब, माझंच तेवढं राहिलं. टाकीमागे मोकळी जागा आहे, थोरला भाऊ बघतो."

ही अंथरुणाला खिळली, त्या वर्षीच्या फोटोवर मी बोट ठेवलं. तेव्हा ती सारखी म्हणायची, "एकदा जागेवर न्या. स्वयंपाकघर कुठे हवं, ते तिथे उभी राहून सांगते." दादा म्हणाला होता, "आजारी बाईला कुठे फरपटत नेतोस? तिकडे रस्ताच नाही, नुसती काटेरी झुडपं." मी ऐकलं.

फोटोत माझ्या जागेपर्यंत सरळ रस्ता होता आणि जागेवर भिंती उभ्या राहत होत्या.

"बघा, किती झपाट्याने वाढलं!" साहेब खूश होते.

 

त्याच फोटोत, भिंतींशेजारी विटांच्या ढिगाजवळ पिवळा टेम्पो उभा होता. गावात तसा एकच आहे, दादाचा. त्याला विचारायचं अजून राहिलंय.