उवांचा बाक

"बाई, लीख कशाला म्हणतात आणि कोंडा कशाला, हे तरी ठाऊक आहे का तुम्हाला?"

आईनं शाळेची डायरी टेबलावर आपटली. चौथीचा वर्ग चिडीचूप झाला. डायरीत बाईंनी काल लाल शाईनं लिहिलं होतं, 'मुलीच्या डोक्यात उवा आहेत. डोकं स्वच्छ होईपर्यंत ती वेगळी बसेल.' ते वाचून आईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती आणि अजून उतरली नव्हती. चौदा वर्षं ती पार्लर चालवत होती. तिच्या मुलीच्या डोक्यात उवा? आणि हे चारचौघांत, लाल शाईनं?

त्यात कहर म्हणजे पोरीला बसवलं कुठे, तर शेवटच्या बाकावर, खारूताईजवळ. पुढचे दोन दात मोठे म्हणून सगळा वर्ग त्या मुलीला खारूताई म्हणायचा. तिच्या डोक्यात उवा आहेत, तिला लांब बसवा, अशी चिठ्ठी गेल्याच सोमवारी आईनं शाळेला पाठवली होती. फाटकापाशी त्या मुलीच्या वेणीत पांढरे कण तिला रस्त्यापलीकडून दिसले होते. एवढं सावध केलं, त्याचं हे फळ!

"इकडे ये गं," तिनं लेकीला हाक मारली.

लेक पुढे आली. आईनं तिची वेणी सोडली, पर्समधून कंगवा काढला आणि भांग पाडला.

"बघा. नीट जवळ येऊन बघा. लीख केसाला घट्ट चिकटते. नखांत धरून ओढावी लागते. आणि हे?" तिनं जोरात फुंकर घातली. पांढरे कण भुरुभुरु उडाले. "हा कोंडा! चोर सोडून संन्याशाला सुळी देताय तुम्ही!"

"वर्गात चाळीस मुलं आहेत हो," बाई पुटपुटल्या. "पांढरं दिसलं म्हणून..."

"दिसलं म्हणून? हात लावून पाहिलंत? एवढ्याशा पोरीची अब्रू, आणि लांबूनच निकाल देऊन मोकळ्या! लाज कशी वाटत नाही?"

बाईंनी मान खाली घातली. "चुकलं माझं. पण तिला तिथे मी बसवलं नाही. ती दुसरी आठवडाभर एकटीच बसत होती. काल तुमची मुलगी आपण होऊन दप्तर घेऊन तिच्याजवळ गेली. उठवायला गेले, तर म्हणाली, माझ्याही डोक्यात पांढरं आहे."

आई लेकीवर उखडली. "कुणी सांगितले होते नसते उद्योग?"

"तिच्यासोबत डबा खायलाही कुणी बसत नाही," लेक म्हणाली. मग तिनं आईचा हात धरला. "आई, आता तिच्या डोक्यावर पण फुंकर घाल ना."

खारूताई बाकावरून उठून आलीच होती. तिनं स्वतःच रिबिनी सोडल्या आणि डोकं खाली करून उभी राहिली. सगळा वर्ग बघत होता. आईला नाही म्हणता येईना.

तिनं भांग पाडला आणि फुंकर घातली, या खेपेला जरा हळूच. पांढरे कण उडाले आणि तिच्या काळ्या ओढणीवर येऊन बसले. तिनं कानांमागे पाहिलं, मानेपाशी पाहिलं. एकेक बट नखांत धरून ओढून पाहिली. एकही लीख नव्हती.

चौदा वर्षं केसांत घालवलेल्या आईला आणखी पुरावा नको होता. राग पुन्हा उसळून आला.

"मग या पोरीला तरी आठवडाभर असं कुणाच्या शहाणपणानं..."



बाईंनी हजेरीपटातून घडी घातलेला एक कागद काढला, उलगडला आणि तिच्यासमोर ठेवला. वर तिच्या पार्लरचा शिक्का होता. खाली तिच्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'उवाच आहेत. माझी नजर चुकत नाही, मला हात लावून बघायची गरज नाही.'