खोक्यावरची पाळी

"जो खोक्यावर, त्यानं सांगायचं. जो खाली, त्यानं ऐकायचं. आणि खोटं सांगाल तर दोघंही घरी!"

डेरेकच्या वडिलांचा हा आवाज रेगच्या कानात म्हातारपणीही ताजा होता. कापडगिरणीतून उचलून आणलेलं एकच लाकडी खोकं, दोन बुटकी पोरं आणि पुढं मोठ्या माणसांच्या पाठींची भिंत. गोल झाला की पाळी बदलायची. हॅडरशॉ टाउन ह्या फुटबॉल संघाचे गोल तेव्हाही मोजकेच, त्यामुळे एखादी पाळी अख्खा हिवाळा चालायची.

गिरणी गेली, खोकं गेलं, मैदानातल्या उभं राहायच्या पायऱ्यांवर खुर्च्या आल्या. पण डेरेकच्या डोळ्यांवर पडदा चढला, तेव्हा रेग पुन्हा खोक्यावर चढला. तो सांगायचा, डेरेक ऐकायचा. दोघांचा शनिवार असा उभा होता.

आज मोसमातला शेवटचा सामना. मुक्कामाला आलेली डेरेकची लेक जॅनिस दारात बापाचा मफलर सारखा करताना हळूच म्हणाली, "बाबा, आज तरी सांगा त्यांना. किती दिवस लपवणार?"

"बघू," डेरेक म्हणाला.

दाराबाहेर थांबलेल्या रेगचे कान तिखट. त्यानं ते ऐकलं आणि काय समजायचं ते समजला. जॅनिसचं घर लांब, समुद्रकाठी. गेल्या उन्हाळ्यात डेरेक तिच्याकडं राहून आला आणि आल्यापासून काहीतरी ओठांत धरून होता. म्हणजे हा चालला. म्हणजे शनिवार संपले.

'बघतोच कसा जातो,' रेग मनाशी म्हणाला. 'आज असा सामना सांगतो, की ह्याचा इथून पाय निघायचा नाही.'

दोघं नेहमीसारखे हातात हात अडकवून निघाले. काळ्या चष्म्यातला डेरेक उतावळा, अर्धं पाऊल पुढं. रेग प्रत्येक पायरी बुटाच्या टोकानं चाचपायचा आणि मोठ्यांदा बजावायचा, "पायरी! सांभाळ रे म्हाताऱ्या."

"म्हातारा तू. दीड महिन्यानं थोरला आहेस माझ्यापेक्षा."

"म्हणूनच अक्कल जास्त आहे."

"हो ना. म्हणून तर जन्मभर हॅडरशॉच्या मागं लागलास."

चहाच्या टपरीवर मॉरीन ओरडली, "आले का नवरदेव!" तिनं रेगच्या हातात कप दिला आणि त्याची बोटं नीट मिटेपर्यंत आपला हात काढला नाही. "काय रेग, आज आपली पोरं कशी वेगळीच दिसतायत, नाही?"

"दिसणारच! जिंकायला आलीत आज."

जागा ठरलेल्या होत्या. खुर्च्या खडखडल्या, प्रेक्षकांचं सगळं स्टँड उठलं, तसा रेग सुरू झाला.

"उतरली बघ आपली किरमिजी पोरं! उन्हात नुसती पिकल्या चेरीसारखी चमकतायत!"

पुढच्या रांगेतला एक माणूस हसत मागं वळला. काहीतरी बोलणार होता. त्याची नजर डेरेककडं गेली, आणि तो तोंड मिटून मुकाट्यानं पुढं बघायला लागला.

रेग रंगात आला. स्टँडनं श्वास आत घेतला की म्हणायचा, "आला, उजवीकडून आला!" हजारो गळे हळहळले की म्हणायचा, "हुकला! केसभर हुकला!" मध्येच लोक गायला लागायचे, मग दोघंही माना डोलवत त्यात सूर मिसळायचे,

*पाऊस पडो, वारा सुटो,*
*हॅडरशॉ जागचा ना हटो!*

"काय सांगतोस रे तू," डेरेक म्हणाला. "घरी बसून हे कुठलं मिळायला?"

रेगची छाती फुगली. झालं काम, त्याला वाटलं.

आणि शेवटी शेवटी तो आवाज उठला. छप्पर उडेल असा. कुणीतरी रेगच्या पाठीवर थापा मारल्या, कुणाचा तरी चहा सांडला.

"गोल! गोल रे डेरेक! डोक्यानं घातला, थेट कोपऱ्यात! गोलकीपर नुसता बघत राहिला!"

त्यानं डेरेकला मिठी मारली. तेवढ्यात आवाज फाटला. अर्धे लोक शिट्ट्या मारायला लागले, अर्धे अजून गातच होते. पलीकडून पाहुण्या संघाच्या बाजूनं हसू ऐकू आलं. मग इकडचं गाणंही विझलं.



"पुढं?" डेरेकनं विचारलं. "काय झालं रे?"

रेगनं चष्मा काढला, पुसला, घातला. पुन्हा काढला, पुन्हा पुसला. स्टँड काही बोलत नव्हतं. डेरेकच्या वडिलांच्या त्या जुन्या आवाजानं कानात पुन्हा बजावलं, खोटं सांगाल तर...

"डेरेक," तो हळूच म्हणाला, "तू लेकीकडं जायचं ठरवलंच असशील, तर..."

"मी कुठं जात नाही."

डेरेकनं त्याच्या हातातला गार झालेला कप काढून घेतला आणि खुर्चीखाली ठेवला. काळा चष्मा उतरवला, घडी घालून खिशात टाकला.

"उन्हाळ्यात डोळ्यांचं ऑपरेशन करून आलो, एवढंच. लाइनमननं झेंडा वर केलाय, गोल धरला नाही. आणि आपली पोरं आज पांढऱ्या शर्टात आहेत, रेग. उतर खाली. आता खोक्यावर माझी पाळी."