सरासरीने पोहोचलो

पोहोचल्याचे पेढे वाटून झाले आणि कप्तानकाकांनी प्रवासभर बंद असलेल्या खिडकीचं झाकण सरकवलं. समोर सूर्याएवढा तारा दिसायला हवा होता. दिसला मोहरीएवढा टिपका.

यानातच जन्मलेली मृण्मयी आज पहिल्यांदा जमिनीवर पाय ठेवणार होती. तिच्या तोंडातला पेढा एकदम साबणासारखा लागायला लागला.

"काका, आपला तारा कुठाय?"

"तोच तो," काका घाम पुसत म्हणाले. "अगं, दोन तारकासूचींत त्याचं अंतर वेगवेगळं होतं. एकीत जवळ, दुसरीत लांब. दोन्हीकडचे शास्त्रज्ञ हट्टाला पेटलेले. शेवटी समितीने दोघांचा मान राखला."

"म्हणजे काय केलं?"

"सरासरी काढली. यान बरोबर तिथे थांबवलं, आणि थांबवण्यातच इंधन संपलं."

"शी! पुन्हा मोजायचं सोडून मान राखत बसलात?"

"भांडण तर मिटलं ना, बाळा! आता चूक कोणाची यावर दोन मतं आहेत. बसू, मधला मार्ग काढू."

उरलेला उष्टा पेढा मृण्मयीने काकांच्या तळहातावर दाबून चिकटवला.

"हा समितीला द्या. आणि पृथ्वीला कळवा, आम्ही अर्धे पोहोचलो."