नसलेला चेंडू

"रंगीत चेंडूकडे बघायचंच नाही," स्टिकच्या टोकाला खडू घासत नवरा मला समजावत होता. क्लबहाऊसमधल्या पूल टेबलाला त्याच्या तीन प्रदक्षिणा झाल्या होत्या. "त्याला मागून चिकटून आणखी एक चेंडू आहे असं मनात धरायचं, आणि पांढरा चेंडू त्या नसलेल्या चेंडूच्या जागी पोचवायचा. खरा खेळाडू नसलेलं बघतो."

सकाळीच मी त्याला टीपॉयच्या कोपऱ्यांना स्पंज लावायला सांगितलं होतं. तेव्हा हाच म्हणाला होता, "मुक्ताला लागलंय का कधी? तुला ना, नसलेलंच दिसतं."

"मारा की साहेब, माझा चहा गार झाला," समोरून खेळणारे सबनीसकाका म्हणाले.

नवरा वाकला, एक डोळा मिटून त्याने श्वास रोखला. आमची सव्वा वर्षाची मुक्ता रांगत टेबलाखाली शिरली होती. आता ही उभी राहणार, हे मला दिसलं. मी गुडघ्यांवर बसले आणि तिचं डोकं जिथे आपटणार होतं, तिथे टेबलाच्या खालच्या कडेला तळहात धरला.

वर पांढरा चेंडू कुणालाही न शिवता स्वतःच पॉकेटमध्ये पडला. खाली मुक्ताचं डोकं नेमकं माझ्या तळहातावर आलं.

"तू मध्येच हललीस, म्हणून नेम चुकला," नवरा म्हणाला.

काकांनी वाकून टेबलाखाली पाहिलं. "एक तर अचूक लागलाय."

संध्याकाळी त्याने टीपॉयला स्पंज लावला. तीन प्रदक्षिणा घालून, एक डोळा मिटून.