स्वयंपाकघराचा फोटो

आई होती तेव्हाच घर विकायला काढलं होतं. एजंटने काढलेल्या फोटोंपैकी एकात ती ओट्याशी उभी होती. तिचा तो शेवटचा फोटो मागायला लेक त्याच्या ऑफिसात गेली.

"जुना डबा भंगारात दिला, मॅडम," नव्या कॉम्प्युटरवरून, जणू स्वतःच जन्माला घातलाय अशा कौतुकाने हात फिरवत तो म्हणाला. "फोटो सगळे ह्यात घेतले. हा भलता हुशार आहे. पसारा दिसला की आपणहून पुसून टाकतो."

त्याने स्वयंपाकघर उघडून दाखवलं. ओटा लख्ख, खिडकी लख्ख, आणि आईच्या जागी नुसत्या टाइल्स.

तिने मूळ फोटो मागितला.

"तो गेला जुन्याबरोबर. पण बघा ना, आता किती मोकळं वाटतंय."