घोटा, कंबर, छाती

“घोट्यापर्यंत,” गादीवाला म्हणाला, आणि बायकोकडे बघायचं त्याने शिताफीने टाळलं.

विमा कंपनीची मॅडम भिंतीलगतच्या गाद्यांच्या थप्पीपलीकडे स्टुलावर बसली होती. वयाने पोरगेलीच. मांडीवर फॉर्म, हातात पेन. सहावा प्रश्न होता, मागच्या पुरात दुकानात पाणी कुठवर आलं होतं. तिने मान डोलावली. नक्की घोट्यापर्यंतच ना, एवढं एकदा विचारून घेतलं.

“घोटासुद्धा धड भिजला नाही हो.”

कोपऱ्यात मशीनवर खोळी शिवणाऱ्या बायकोचा पाय थांबला. गादीवाल्याचे कान तापले. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी खोटं बोललं की त्याचे कान लाल व्हायचे, आणि बायकोला ते पाठीमागूनसुद्धा दिसायचे.

खरी गोष्ट अशी की तीन वर्षांपूर्वी पाणी छातीपर्यंत आलं होतं. सतरा गाद्या पोटभर नदी प्यायल्या. एकेक गादी बाहेर काढायला सहा-सहा माणसं लागली, आणि फेकून देईपर्यंत त्यातल्या दोन गाद्यांवर चक्क गवत उगवलं. पुन्हा तसा पूर आला तर दुकानाला कायमचं कुलूप, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. म्हणजे विमा हवाच. पण कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवून दिलं होतं की एकदा बुडालेल्या दुकानाला कंपनी दारातसुद्धा उभं करत नाही. बायको म्हणाली होती, जे झालं ते सांगा. तो म्हणाला होता, तू खोळी शिव. आणि काल दिवसभर आरशासमोर उभं राहून त्याने ‘घोट्यापर्यंत’ चांगलं घोटून घेतलं होतं.

मॅडमने पेन टेकवलं. नेमका तेव्हाच समोरचा छापखानेवाला सुतळी मागायला दारात येऊन उभा राहिला.

हे दोघे शाळेत एका बाकावर बसले, आणि तेव्हापासून एकमेकांना पाण्यात बघत आले. एकाने पंखा घेतला की दुसऱ्याने त्याहून मोठा पंखा घ्यायचा. एकाचा गुडघा दुखायला लागला की दुसऱ्याचे दोन्ही. छापखानेवाल्याच्या कानावर ‘घोटा’ पडला आणि तो सुतळी विसरला. थप्पीमुळे मॅडम त्याला दिसतच नव्हती.

“पुराचं चाललंय होय? तुझ्याकडे कसला रे पूर,” तो म्हणाला. “नुसता ओलावा होता. पाणी आलं ते आमच्याकडे. कंबरेपर्यंत.”

वा! शत्रूने आपणहून ताटात वाढून आणलेली साक्ष. गादीवाल्याने फक्त मान हलवायची होती. बायकोने डोळे वटारून तेच सांगितलं. गादीवाल्याने मान हलवली. हलवताना मानेला फार त्रास झाला.

छापखानेवाला चकित झाला. इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदाच हार मानत होता. मग काय, तो सुटलाच. आमच्याकडे बोट आली होती, तुमच्याकडे कुत्रं तरी पोहलं का? वहिनींनी म्हणे त्या पाण्यात फरशी पुसून घेतली. बायको तिकडून पुटपुटली, भावजी, पुरे आता. पण भावजी थांबतात कसले.

“अरे, तुझ्याकडे आलं काय?” छापखानेवाला म्हणाला. “एक बेडूक. तोसुद्धा चुकून.”

झालं. गादीवाल्याच्या डोक्यातून विमा गेला, कंपनी गेली, बायकोचे डोळे गेले.

“तुझा उंबरा माझ्यापेक्षा दोन पायऱ्या वर आहे,” तो म्हणाला. “पाणी सगळीकडे एकाच पातळीला उभं राहतं. शाळेत शिकवलं होतं, तू तेव्हा घोरत होतास. तुझ्याकडे कंबर, म्हणजे माझ्याकडे छाती. थांब, दाखवतोच.”

आणि काल संध्याकाळी ज्या कामासाठी ती थप्पी घाम गाळून भिंतीला लावली होती, ते काम विसरून त्याने ती दोन्ही हातांनी ओढली. गाद्या धपाधप कोसळल्या. मागे भिंतीवर चिखलाची तपकिरी रेघ उमटलेली होती, अगदी छातीच्या उंचीला. आणि रेघेच्या शेजारी स्टुलावर, पेन हवेत धरून, मॅडम.

बायकोने कपाळावर हात मारला. छापखानेवाल्याचा आ वासलेला तसाच राहिला.

मॅडमने पर्समधून टेप काढून रेघ मोजली. चार फूट दोन इंच. ते लिहिलं.

“संपलं म्हणायचं आमचं,” गादीवाला रडवेला होऊन म्हणाला.

मॅडमला हसू आवरेना. तिने सांगितलं, कंपनीच्या नकाशात ही अख्खी गल्ली केव्हाचीच पूररेषेच्या आत रंगवलेली आहे. हप्ता ठरतो तो त्या नकाशावरून, कुणाच्या घोट्यावरून नाही. आणि बुडालं होतं म्हणून कुणाला नाकारतही नाहीत.

“हा प्रश्न नदीसाठी नसतोच, काका. माणसासाठी असतो,” ती म्हणाली. “इथे खोटा घोटा लिहिला असता, तर पुढच्या पुरात तुमच्या हाताला दमडी लागली नसती.”

गादीवाला कोसळलेल्या गाद्यांवर मटकन बसला. भांडणाने आपलं दुकान वाचवलं हे त्याच्या पचनी पडायला थोडा वेळ लागला. तेवढ्यात छापखानेवाला पाठ न दाखवता, एकेक पाऊल मागे घेत दाराकडे निघाला होता.

मॅडमने त्याला हाक मारली. बॅगेतून दुसरा फॉर्म काढला, त्यानेच सकाळी भरून दिलेला. सहाव्या प्रश्नापुढे छापल्यासारख्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: पाणी कधीच आलं नाही.

“हाही दुरुस्त करून टाकू या का, काका?”

छापखानेवाल्याने फॉर्मकडे पाहिलं. भिंतीवरच्या रेघेकडे पाहिलं. मग गाद्यांवर बसलेल्या गादीवाल्याकडे पाहिलं.

“करा,” तो म्हणाला. “पण ह्याच्यापेक्षा एक वीत जास्त लिहा.”